पंखा फिरतो, पण उलटा

श्रोतेहो, धरणगावचा माणूस वाऱ्याविषयी बोलणार म्हटल्यावर तुम्हांला बालकवी आठवले असतील. १८९० साली त्यांचा जन्म आमच्या गावी झाला. पण माझा आजचा वारा रानातला नाही, पत्र्याच्या पेटीतला आहे.

आमच्या मोहल्ल्यात लग्नकार्यासाठी हॉल बांधला. भटारखान्यात चार भट्ट्या, त्यांच्यावर पत्र्याचे छत्र आणि गच्चीवर धूर ओढणारा मोठा ब्लोअर. बसवणारे बसवून गेले. पहिल्या लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही हिरवे बटण दाबले. पंखा घोंघावला, गच्चीवरच्या तोंडातून हवाही बाहेर पडू लागली. आम्ही खूश! पण देग चढली आणि धूर खालीच कोंडला. बावर्ची डोळे पुसत अंगणात येऊन बसला.

शेवटी जिनिंगमधल्या एका जुन्या फिटरना बोलावले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. जिनिंगमध्ये नळ्यांतून कापूस ओढून नेतात तो अशाच पंख्यांनी, त्यामुळे त्यांचा कान तयार. गच्चीवर क्षणभर उभे राहून म्हणाले, "भाऊ, हाऊ पंखा उलटा फिरी ऱ्हायना!"

मला पटेना. उलटा असता तर हवा आत आली नसती का? भिंतीतला पात्यांचा पंखा उलटा फिरला तर तसेच होते. पण गोगलगायीच्या शंखासारख्या पेटीतला पंखा कसाही फिरला तरी हवा त्याच तोंडातून टाकतो. फक्त ती निम्म्याहूनही कमी होऊ शकते. म्हणून चूक लपून राहते. विहिरीवरची मोटार उलटी फिरली की पाणी येते पण जोर नसतो, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. हे तेच. थ्री फेजच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटारीची दिशा फिरते. पेटीवर बाण कोरलेला होता. आमच्यापैकी कुणी तो पाहिला नव्हता.

वायरींना हात लावण्याआधी आप्पांनी मेन स्विच पाडला, तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात घातले आणि स्विचच्या पेटीला कुलूप लावले. मी म्हटले, लाइट तर गेलेलीच आहे. ते म्हणाले, "गेलेली आहे म्हणूनच." भारनियमनाची वर्षे ज्यांनी काढली त्यांना यातली खोच कळेल. गेलेली वीज सांगून येत नाही, आणि त्या वेळी हात पट्ट्यात असू शकतो. स्टार्टरची रचनाच अशी असते, की वीज गेली की तो सुटतो आणि आल्यावर बटण पुन्हा दाबावे लागते. शेतातल्या पंपाला आपण ऑटो बसवतो, रात्री उठायला नको म्हणून. माणसे वावरतात तिथल्या पंख्याला ही सोय जिवावर बेतू शकते.

मग पेटीचे झाकण उघडले. आत एक पाना आणि चिंध्यांचा बोळा! बसवणाऱ्यांचा विसराळूपणा. पंखा तसाच जोरात फिरून तो पाना उडाला असता तर, हा विचार मी त्या रात्री झोपताना केला. आप्पांनी चाक हाताने फिरवून पाहिले, कुठे घासत नाही ना. पायाचे नटबोल्ट आवळले, पट्टा अंगठ्याने दाबून ताण पाहिला, पट्ट्यावरची जाळी परत बसवली. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरला लावला. एखादा फेज गेला की मोटार नुसती गुणगुणते आणि थोड्या वेळात जळते. तेव्हा हा रिलेच उपयोगी पडतो.

दोन वायरी बदलून झाल्यावर सर्वांना पट्ट्याच्या बाजूने दूर केले. बटण दाबले आणि लगेच लाल बटणाने बंद केले. चाक मंदावताना दिशा दिसते. ती बाणाशी जुळली. मग झडप मिटून पंखा चालू केला आणि हळूहळू उघडली, कारण या जातीच्या पंख्यावर हवा कमी तेव्हा भार कमी. (भिंतीतल्या पात्यांच्या पंख्याचे उलट असते, त्याची वाट मिटू नये.) टाँगटेस्टरने तिन्ही वायरींचा प्रवाह पाहिला, बेअरिंग तापते का, पेटी थरथरते का, ते पाहिले.

खाली धूर हलला, पण पुरता नाही. आप्पांनी भटारखान्याची बंद खिडकी उघडायला लावली. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायला वाट नको का? खिडकी उघडताच छताखालचा धूर सरळ वर ओढला जाऊ लागला आणि बावर्ची पुन्हा देगीपाशी गेला.

दुसऱ्या दिवशी वरात निघाल्यावर आप्पा पुन्हा आले. नवा पट्टा पहिल्या दिवसात सैल पडतो, तो त्यांनी ताणून दिला. जाताना बजावले, की गावात डीपी जळून बदलली किंवा लाइनचे काम झाले की दिशा पुन्हा पाहायची, कारण फेज तिकडेही बदलू शकतात. तेव्हापासून डीपी बदलली की हॉलचा पोरगा आधी गच्चीवर जातो, बाण पाहतो आणि मगच खाली हाक देतो, "लावा भट्ट्या!"