आधी पाणी, मग वाट

फिलाडेल्फियातल्या कलासंग्रहालयामागची टेकडी उतरली की स्कूलकिल नदीचा काठ लागतो. काठाकाठाने डांबरी वाट जाते. चालणारे, धावणारे, सायकलवाले, बाबागाडी ढकलणारे आईबाप, सगळे त्याच एका वाटेवर असतात. मागून येणारा सायकलस्वार घंटी वाजवतो किंवा ‘डावीकडून येतोय’ असे मोठ्याने सांगतो, आणि पुढचा उजवीकडे सरकून त्याला जागा देतो. मॅनायंक, कॉन्शोहॉकन, नॉरिसटाऊन ही जुनी कारखान्यांची गावे मागे टाकत ही वाट सुमारे ३५ किलोमीटरवरच्या व्हॅली फोर्जला पोहोचते. पुढे कोळसाखाणींच्या मुलखापर्यंत ती नेण्याची योजना आहे. तिचा बराच भाग तयार असून पूर्ण लांबी १९० किलोमीटरच्या आसपास भरेल. असे काही आपल्याकडे का होत नाही, हा प्रश्न मराठी पाहुण्याच्या मनात हमखास येतो. त्याचे उत्तर नदीच्या पाण्यात आहे.

संग्रहालयाच्या जागी पूर्वी शहराचा जलाशय होता. खालच्या काठावरचे फेअरमाउंट जलकेंद्र १८१५ मध्ये सुरू झाले आणि वाफेच्या इंजिनांनी पाणी टेकडीवर चढवू लागले. इंधनाचा खर्च परवडेना, तेव्हा नदीला बंधारा घालून १८२२ पासून पाणचक्क्या जोडण्यात आल्या. ग्रीक देवळांच्या धर्तीवर बांधलेल्या या इमारती पाहायला लांबून लोक येत. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सनेही त्या पाहिल्या आणि वाखाणल्या. मात्र काठावर कारखाने वाढत चालले होते. पाणी राखायचे तर काठ राखला पाहिजे, हे ओळखून शहराने जमीन विकत घ्यायला सुरुवात केली. १८४४ मध्ये लेमन हिलची जागा घेतली, १८५५ मध्ये ती सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर केली, आणि त्यातूनच पुढे नदीच्या दोन्ही बाजूंना फेअरमाउंट पार्क विस्तारला. आज सायकलस्वारांच्या डोक्यावर जी झाडी आहे, ती पिण्याच्या पाण्यापायी राखलेल्या या जमिनीवरची आहे.

तरीही तेवढ्याने भागले नाही. उद्यानाच्या वरच्या अंगाची गावे आणि गिरण्या आपली घाण नदीतच सोडत राहिल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला याच शहरात आल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. त्या दिवसांत शहराच्या नळांना येणारे बहुतेक पाणी स्कूलकिलचेच होते आणि ते न गाळता येत असे. विषमज्वराने दरवर्षी शेकडो माणसे दगावत. वाळूच्या गाळण्या बसायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०९ मध्ये फेअरमाउंटचे जुने केंद्र बंद झाले, १९१३ पासून पाण्यात क्लोरीन मिसळू लागले, आणि मग ही साथ ओसरली.

नदीवरचे दुसरे संकट कोळशाचे होते. खाणींमध्ये कोळसा धुतलेले काळे पाणी थेट प्रवाहात येई आणि त्याच्या भुकटीने पात्र उथळ होत गेले. १९४५ च्या कायद्याने ही भुकटी नदीत सोडायला बंदी झाली. १९४७ पासून राज्य आणि केंद्र सरकारने मिळून गाळ उपसण्याचे प्रचंड काम हाती घेतले. कोळशाचा गाळ अडवण्यासाठी वरच्या भागात खास तलाव बांधले. १९७८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने निसर्गरम्य नदीचा दर्जा राज्यात सर्वप्रथम याच नदीला दिला.

वाटेचा पहिला तुकडा त्यानंतर, १९७९ मध्ये, खुला झाला. तिच्यासाठी नवी जमीन फारशी लागली नाही. मॅनायंकमध्ये कालव्याकाठची वाट होती, जिच्यावरून पूर्वी खेचरे कोळशाच्या होड्या ओढत. त्यापुढे पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा बंद पडलेला मार्ग होता. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, म्हणून आज सत्तरीतली माणसेही तिथे न धापा टाकता सायकल चालवतात. शहराच्या मध्यभागी मात्र रूळ अजून वापरात असल्याने काठावर जागाच उरली नव्हती. तिथे २०१४ मध्ये नदीच्या पात्रात खांब रोवून सुमारे ६०० मीटर लांबीचा काँक्रीटचा पादचारी पूल काठाला समांतर बांधला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पुराने वाट बुडाली. पूर ओसरला, चिखल काढला आणि लोक पुन्हा चालू लागले. पूर येणार हे धरूनच काठ मोकळा ठेवलेला असला, की नुकसान आवाक्यात राहते.

फेअरमाउंट बंधाऱ्याच्या पश्चिम टोकाला १९७९ मध्येच बांधलेली मत्स्यशिडी अवश्य पाहावी. काँक्रीटच्या कप्प्याकप्प्यांतून पाणी वळणे घेत खाली उतरते आणि वसंतात समुद्राकडून आलेले शॅड मासे त्याच फटींतून उलटे वर चढतात. बंधाऱ्याने दीडशे वर्षे त्यांची वाट अडवली होती. नदी अजून पूर्ण निरोगी नाही. जोराचा पाऊस झाला की जुन्या गटारांतले सांडपाणी तिच्यात उतरते. पावसाचे पाणी जागच्या जागी जिरवण्यासाठी शहराने २०११ पासून २५ वर्षांचा कार्यक्रम आखला आहे. वाट झाली म्हणून पाण्याचे काम थांबलेले नाही.

आपल्याकडे पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाचा विकास योजला आहे. जपानच्या जायका या संस्थेच्या अर्थसाहाय्याने ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा स्वतंत्र प्रकल्पही आहे. माझे ठाम मत आहे की या दोहोंत पहिला मान शुद्धीकरण केंद्रांचा असायला हवा, आणि नदीला पसरायला लागणारी जागा बांधकामाखाली जाता कामा नये. आपल्या गावात नदीकाठची वाट मंजूर झाली, तर नगरसेवकाला तिची लांबी-रुंदी विचारण्याआधी एवढेच विचारा: रोज किती मैला प्रक्रियेविना नदीत जातो आणि तो कोणत्या तारखेला थांबणार? लेखी उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न सोडू नका.