दमलेल्या पायांनी उडी मारली की गुडघ्याचं काय होतं? महिला खेळाडूंच्या 'एसीएल'ची गोष्ट

२०२२-२३ चा सीझन. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या महिला फुटबॉल टीममधल्या बेथ मीड, विव्हियन मिडेमा, लिआ विल्यम्सन आणि लॉरा विनरॉयटर या चौघी एकामागोमाग एक मैदानाबाहेर गेल्या. चौघींची दुखापत एकच, गुडघ्यातलं एसीएल फाटणं. यातली विल्यम्सन तर इंग्लंडची कॅप्टन. ती, मीड आणि मिडेमा २०२३ च्या वर्ल्ड कपला मुकल्या.

हा नुसता योगायोग नाही. एकच खेळ खेळणाऱ्या पुरुषांपेक्षा महिलांचं एसीएल फाटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा २ ते ८ पट असा येतो.

पण हे एसीएल म्हणजे नेमकं काय?

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा एक मजबूत पट्टा, म्हणजे लिगामेंट. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा नको तितका पिळू नये, हे त्याचं काम.

गंमत म्हणजे, बहुतेक वेळा ते कुणाच्या धक्क्याने फाटत नाही. खेळाडू उडी मारून खाली येते, किंवा धावताना अचानक दिशा बदलते. पाय जवळपास सरळ असतो, गुडघा आत वळतो आणि 'कट्' असा आवाज येतो. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत हे घडून जातं. तेवढ्या वेळात सावरणं शक्यच नसतं, म्हणून पाय टेकायच्या आधीच स्नायू तयार असावे लागतात.

इथेच थकव्याचा संबंध येतो.

गुडघा सांभाळण्यात मांडीच्या मागच्या स्नायूंचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा, मोठा वाटा असतो. ते नडगीला मागे धरून ठेवतात. पुढचे स्नायू मात्र तिला पुढे ओढतात. अनेक मुलींमध्ये खाली येताना पुढच्या स्नायूंचा जोर जास्त असतो. कंबरेचे आणि नितंबांचे स्नायू कमी पडले की गुडघा आत झुकतो. त्यात दमछाक झाली की स्नायूंची ताकद घटते आणि ते उशिरा काम करतात. डोकंही थकतं. समोरची खेळाडू कुठे वळेल, हे ओळखून पाय टाकायला उशीर होतो.

मग थकवा हेच कारण का? इतकं सरळ नाही. प्रयोगशाळेत खेळाडूंना दमवून उड्या मारायला लावल्या, तेव्हा काहींचे गुडघे जास्त आत वळले, तर काहींमध्ये फारसा फरक दिसला नाही. दुखापती सामन्याच्या सुरुवातीलाही होतात. त्यामुळे थकवा हा साखळीतला एक दुवा आहे. ओटीपोटाची ठेवण, हार्मोन्स, बूट, मैदान आणि लहानपणापासून मिळालेलं (किंवा न मिळालेलं) ट्रेनिंग हे बाकीचे दुवे.

यातली ओटीपोटाची ठेवण आपण बदलू शकत नाही. ट्रेनिंग मात्र बदलू शकतो.

फुटबॉलसाठी 'फिफा ११+' नावाचा वॉर्मअप आहे. वेळ लागतो साधारण २० मिनिटं. त्यात धावणं, ताकद, तोल आणि उडी मारून नीट खाली येण्याचा सराव असतो. नॉर्वेतल्या तरुण महिला फुटबॉलपटूंवरचा याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या टीम्सनी हा वॉर्मअप केला, त्यांच्यात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसल्या. असा सराव नियमित केला, तर महिलांमधल्या एसीएल दुखापती साधारण निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यासांचं एकत्रित म्हणणं आहे.

तुमची मुलगी किंवा बहीण कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल खेळत असेल, तर एक साधी गोष्ट करा. ती उडी मारून खाली येते तेव्हा समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढा. एकदा ताजी असताना, एकदा प्रॅक्टिस संपल्यावर. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की एकमेकांकडे झुकतात, ते बघा. झुकत असतील तर घाबरू नका, कोचला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

कारण एसीएल फाटलं, तर मैदानावर परतायला साधारण ९ महिने ते वर्ष लागतं. त्यापुढे रोजची २० मिनिटं फार नाहीत.