पुराच्या वेळी तुमची हाक पोचते कुठे?

पूस नदी पावसाळ्यात कशी बदलते हे पुसदकरांना सांगायला नको. सकाळी नाला ओलांडून वावरात गेलेला माणूस संध्याकाळी पलीकडेच अडकतो. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला, तेव्हा वायुसेनेची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा वेळी दोर आणि होडीइतकाच निरोप महत्त्वाचा. कोण कुठे अडकले हे कळल्याशिवाय होडी जाणार कोणत्या दिशेने?

पुणे जिल्ह्यातले माळीण आठवा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गावच गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. बाहेर खबर दिली कोणी? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाने. गाव जागेवर दिसेना, म्हणून त्याने पुढे कळवले. त्या दिवशी गाडी रद्द झाली असती तर? विचार करवत नाही. आणि आपत्तीचा कायदा होऊन तेव्हा आठ वर्षे उलटली होती.

हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. धोक्याची सूचना लोकांपर्यंत पोचवण्याची यंत्रणा उभारणे हे या प्राधिकरणाचे कामच आहे, मेहेरबानी नव्हे. आपद्‌ग्रस्त भागात तातडीची संपर्क व्यवस्था उभी करण्याचा अधिकारही कलम ३४ ने त्याला दिला आहे. खोटी भीती पसरवणाऱ्याला कलम ५४ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गंमत म्हणून ‘धरण फुटले’ अशी आरोळी ठोकणाऱ्या पोरांना हे सांगून ठेवा.

१८८५ च्या तार कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ झाला. त्याचे कलम २० जून २०२४ पासून लागू आहे. आपत्तीत बचावासाठी नेमलेल्यांचे संदेश आधी जावेत, अशी सोय सरकार त्याखाली करू शकते. बैलगाड्यांच्या रांगेतून आजाऱ्याची गाडी पुढे काढून द्यावी, तसेच हे. पण बारकाईने पाहा, हा अग्रक्रम बचाव करणाऱ्यांना आहे. छपरावर बसून मदत मागणाऱ्याच्या फोनला त्या कलमात वेगळे स्थान नाही. माझ्या मते खरी उणीव इथेच आहे.

एका कंपनीचा मनोरा बंद पडला तर दुसरीच्या मनोऱ्यावरून फोन चालावेत, अशी व्यवस्था वादळ-पुरात सरकार करते. मात्र एकही मनोरा चालू नसेल, तर तीही व्यर्थ.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७; पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२. पहिल्या पावसाआधीच १०७७ तुमच्या फोनवरून लागतो का ते पाहा. न लागला तर तहसील कार्यालयातून कक्षाचा पूर्ण क्रमांक लिहून आणा. फोनवर नुसते ‘आम्ही तांड्यावर आहोत’ म्हणू नका. एकाच नावाचे तांडे दोन तालुक्यांत असू शकतात. तालुका, मूळ गाव, नाल्याची कोणती बाजू, माणसे किती, त्यांत लेकरे आणि म्हातारी किती, हे सांगा. बोलणे होत नसेल तर तेवढेच लिहून पाठवा. आवाज पोचत नाही तिथूनही लिहिलेला संदेश कधी कधी निघून जातो. आणि येत्या ग्रामसभेत विचारा, आपल्या गावातून कक्षाला कळवायचे कोणी? तो माणूस त्या दिवशी बाजाराला गेला असेल, तर दुसरा कोण?