कादंबरीकारांच्या खऱ्या सवयी

पाच दिवस! ‘श्यामची आई’ लिहायला साने गुरुजींना एवढेच लागले. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, त्यांनी लिहायला घेतलं आणि सोमवारी १३ तारखेच्या पहाटे लेखन पुरं केलं. दिवसा तुरुंगातलं काम असायचं, म्हणून लेखणी चालायची ती रात्री. गंमत बघा, पुस्तकातली प्रकरणंही रात्रीच आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, असं करत तब्बल ४२. हा वेग ऐकून थक्क व्हायला होतं. पण गुरुजींची आई गेली होती १९१७ साली. मधली सोळा वर्षं तो मजकूर मनात रोज वाचला जात होता, तेव्हा कुठे तो पाच दिवसांत कागदावर उतरला.

लेखकांच्या सवयींबद्दल आपल्याला भारी कुतूहल. पहाटे उठतात का, शाईचं पेन वापरतात का, किती चहा पितात? हे सगळं ठीक. पण मराठी कादंबऱ्यांच्या जन्मकथा चाळायला लागलं की ध्यानात येतं की त्यांची खरी सवय टेबलापाशी सापडत नाही. ती सापडते त्यांच्या नोकरीत, पायपिटीत, बदलीच्या गावात. माणसं जिथे असतील तिथे जाऊन राहायचं, त्यांची बोली कानात साठवायची आणि घाई करायची नाही. असे हे काही किस्से.

कोवळा मास्तर, उघडं माळरान

व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले. कोवळ्या वयात, बेचाळीसच्या चळवळीच्या पुढेमागे, त्यांनी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली. ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपात आली १९५५ साली, म्हणजे तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस. कादंबरीतला राजाराम सौंदणीकर हाही मिसरूड फुटायच्या वयातला मास्तर. धनगरांच्या वस्तीवर त्याची नेमणूक होते. पोरं मेंढरांमागे गेलेली, शाळा रिकामी, आणि गावाचा विश्वास कमवायचा कसा हे कोणी शिकवलेलं नाही. हा अनुभव लेखकाचाच. पण माडगूळकरांची करामत अशी की पुस्तक वाचून झाल्यावर मास्तरापेक्षा कारभारी, मेंढरं आणि दुष्काळच जास्त आठवतात. स्वतःचं आयुष्य वापरायचं आणि स्वतः बाजूला उभं राहायचं. हे फार थोड्यांना जमतं.

याच १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. लिहिणारे होते थोरले बंधू ग. दि. माडगूळकर. एका घरातून एका वर्षात ‘बनगरवाडी’ आणि ‘गीतरामायण’! असं वर्ष मराठीला पुन्हा लाभलेलं मला तरी ठाऊक नाही.

धाकटे माडगूळकर चित्रंही काढायचे. आधी शिकारीचा नाद होता, मग बंदूक मागे पडली आणि निरीक्षण उरलं. त्यातून १९८२ साली आली ‘सत्तांतर’. या कादंबरीत पात्रं म्हणून माणसं नाहीतच, वानरांच्या टोळ्या आहेत. टोळीवर ताबा मिळवणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे प्राणिशास्त्रातलं वास्तव त्यांनी कुठेही गोड न करता लिहिलं. पुढच्याच वर्षी पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जो डोळा धनगरवाड्यावर तयार झाला, तोच पुढे जंगलात कामी आला.

चालून चालून कादंबरी

चालण्यातून कादंबऱ्या काढणारा लेखक म्हणजे गो. नी. दांडेकर. गोनीदांचा जन्म विदर्भात परतवाड्याला, १९१६ साली. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा सोडून, घर सोडून हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत जायला निघाला आणि मग वर्षानुवर्षं भटकतच राहिला. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदा परिक्रमा पायी केली. परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ झाली, त्या सगळ्या वणवणीतून ‘स्मरणगाथा’ झाली आणि तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पुढे तळेगाव दाभाड्याला बस्तान बसलं, पण पाय काही घरात टिकले नाहीत. सह्याद्रीतले किल्ले त्यांनी इतक्यांदा पालथे घातले की किल्ल्यांनीच त्यांना पात्रं दिली. राजमाचीने ‘माचीवरला बुधा’ दिला, मुंबईत उमर घालवून म्हातारपणी आपल्या माचीवर परतलेला. पवन मावळातल्या तुंग किल्ल्याने ‘पवनाकाठचा धोंडी’ दिला. ठाकरांच्या वस्त्यांनी ‘जैत रे जैत’ दिलं. त्यावरचा १९७७ चा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो, निदान गाणी तरी ऐकलेली असतात. मूळ कादंबरी मात्र फार कमी जण उघडतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. कारण मधमाश्या, ढोल आणि डोंगर यांचा जो ठेका गाण्यांत आहे, तो आधी गोनीदांच्या वाक्यांत आहे. ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’साठी तर ते थेट भाक्रा-नांगलच्या धरणापर्यंत पोचले.

त्यांच्या कादंबऱ्या कानाने वाचाव्यात अशा. म्हणूनच लेक वीणा देव, जावई विजय देव आणि पुढे नातवंडांनी त्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग वर्षानुवर्षं केले आणि घरोघरचे श्रोते कादंबरी ऐकायला सभागृहात आले.

दापोलीची पोरं, मुंबईची नोकरी

साने गुरुजींचं पालगड आणि श्री. ना. पेंडश्यांचं मुर्डी, दोन्ही दापोली तालुक्यातली. पेंडसे लहानपणीच मुंबईला आले आणि पुढे बेस्टमध्ये नोकरीला लागले. बेस्टचा इतिहासही त्यांनीच लिहिला, तोही इंग्रजीत. ऑफिसात बसगाड्या आणि वीज, डोक्यात मात्र खाड्या, आगरं आणि खोत. ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा, ‘तुंबाडचे खोत’ १९८७ चे. म्हणजे बालपणातल्या कोकणावर त्यांनी आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या. गाव लवकर सुटलं म्हणूनच ते इतकं शाबूत राहिलं असावं, असा माझा कयास आहे. ‘लव्हाळी’त मात्र त्यांनी मुंबईतल्या कारकुनाला रोजनिशी लिहायला बसवलं, आणि तिथे नोकरदारांची मुंबई कामी आली.

नोकरी आणि कादंबरी यांची अशी जुगलबंदी मराठीत जागोजाग आहे. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबई कार्यालयात काम करायचे, आणि ‘चक्र’ लिहिली ती झोपडपट्टीवर. भाऊ पाध्ये कामगार चळवळीत आणि वर्तमानपत्रांत वावरलेले. ‘वासूनाका’तली नाक्यावरच्या पोरांची भाषा त्यांनी जशी ऐकली तशी छापली आणि १९६५ साली केवढा गहजब झाला! अरुण साधू पत्रकार. राजकारणाच्या बातम्या करता करता जे बातमीत मावलं नाही, ते ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’मध्ये आलं. या दोन्ही कादंबऱ्यांवरून १९७९ चा ‘सिंहासन’ चित्रपट झाला आणि त्यात निळू फुल्यांचा दिगू टिपणीस, पुन्हा पत्रकारच! विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते. धरणग्रस्तांची ‘झाडाझडती’ सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाने लिहावी, तीही सरकारी यंत्रणेला जराही न वाचवता, हे धाडसच आहे. कविता महाजनांनी गावोगावच्या महिला सरपंचांमध्ये फिरून जे पाहिलं, त्यातून ‘ब्र’ उभी राहिली.

अण्णा भाऊ साठ्यांचा हिशेब याहून निराळा. शाळा दीड दिवसाची. वाटेगावहून मुंबईपर्यंत कुटुंबासोबत पायी प्रवास. मग गिरणीत काम, मिळेल ती मजुरी, लाल बावटा कलापथक आणि घाटकोपरच्या चिरागनगरमधलं झोपडं. त्या झोपड्यात राहून या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. लिहायला निवांतपणा लागतो म्हणणाऱ्यांनी चिरागनगर आठवावं.

वेगाचे विक्रम

बाबुराव अर्नाळकरांचं नाव गिनीज बुकात आहे. १९३६ ते १९८४ या काळात रहस्यकथांची १,०९२ पुस्तकं! भागाकार करून पाहा, सरासरी महिन्याला जवळपास दोन, तेही सलग ४८ वर्षं. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांमुळे किती पोरांना वाचनाची गोडी लागली याची नोंद कुठल्याच बुकात नाही.

हरिभाऊ आपट्यांचा वेग आठवड्याच्या तालावर बांधलेला. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. वाचक पुढच्या अंकाची वाट बघत, आणि हरिभाऊंना हप्ता चुकवून चालत नसे. शिवाय आनंदाश्रमाचं व्यवस्थापन, पुण्याच्या नगरपालिकेतलं काम, हे सगळं चालूच. त्या गडबडीत एका पुरुषाने, यमू नावाची मुलगी स्वतःच आपली कहाणी सांगते आहे अशा थाटात, एवढी मोठी कादंबरी लिहिली. आजही यमूचं बोलणं ऐकताना मधे लेखक आहे असं वाटत नाही.

भालचंद्र नेमाड्यांच्या बाबतीत दोन्ही टोकं दिसतात. ‘कोसला’ त्यांनी १९६३ साली, पंचविशीत, अवघ्या काही आठवड्यांत लिहिली. नायकाचं आडनाव सांगवीकर, आणि सांगवी हे लेखकाचंच खानदेशातलं गाव. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून त्यांनी गावं बदलली, आणि ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ यांत चांगदेव पाटीलही नोकरीमागे गावं बदलत राहिला. ‘हिंदू’ची मात्र वाचकांनी किती तरी वर्षं वाट पाहिली. ती आली २०१० साली.

शिवाजी सावंतांचा किस्साही इथेच. कोल्हापुरातले शाळामास्तर, वय सत्तावीस, आणि पहिलंच पुस्तक ‘मृत्युंजय’! नऊ भाग, त्यातले चार कर्ण स्वतः बोलतो आणि बाकीचे कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. महाभारतातल्या माणसाचा अनुभव कुठून आणायचा? सावंतांनी एकाच माणसाकडे सहा जणांच्या डोळ्यांनी बघून तो मिळवला.

एक घर, दोन कादंबऱ्या

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण शेवटी ठेवलं आहे. बाळूताई खरे नावाच्या शिक्षिकेने १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह काढला आणि पुण्या-मुंबईत ‘या कोण?’ म्हणून काहूर माजलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड कोणी लिहिलंच नव्हतं. टोपणनावातलं शिरूर हे वडील जिथे मास्तर होते ते गाव. पुढे सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्या शिक्षणाधिकारी झाल्या. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरलेली ती माणसं, ते तारांचं कुंपण, ती हजेरी, हे त्यांनी रोज जवळून पाहिलं. ‘बळी’ ही कादंबरी मात्र १९५० साली आली, ती नोकरी सुटून दहाएक वर्षं झाल्यावर.

१९३८ साली त्यांचं लग्न विश्राम बेडेकरांशी झालं आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. विश्रामराव चित्रपटाचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेले होते. युद्ध तोंडावर आलेल्या युरोपातून बोटीने परतताना त्यांच्या सोबतीला जीव वाचवून पळणारे ज्यू निर्वासित होते. त्या बोटीतून ‘रणांगण’ आली, १९३९ साली, अगदी ताजी. चक्रधर आणि हॅर्टा यांचं काही दिवसांचं प्रेम, आणि बाहेर सगळं जग पेटण्याच्या बेतात.

एकाच घरातल्या दोघांपैकी एकीने अनुभव दहा वर्षं मुरवला आणि दुसऱ्याने तो गरम असतानाच लिहिला. दोन्ही कादंबऱ्या आजही तितक्याच अस्वस्थ करतात. लायब्ररीत गेलात तर आधी ‘रणांगण’ मागा. छोटी आहे, एका बैठकीत होते. आणि ती परत करायला जाल तेव्हा ‘बळी’ घरी आणा.