शिशाचे वजन आणि गव्याचा खांदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे आणि तिला जोडूनच एक परंतुक आहे, ते असे की एखाद्या प्रकरणात ठासणीची बंदूक त्या कामाला पुरेशी ठरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्याला गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी आणि गगनबावडा या तालुक्यांत, जिथे भात, ऊस आणि नाचणीच्या राखणीसाठी शेतकरी रात्र रात्र माळ्यावर बसतो आणि जिथे रानडुकरापासून गव्यापर्यंत सारे प्राणी त्याच पिकावर येतात, तिथे हा प्रश्न कागदोपत्री राहत नाही. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, आणि ते गोळीचे वजन, तिचा वेग आणि समोरच्या प्राण्याचा देह या तीन गोष्टींच्या हिशेबातूनच काढावे लागते.

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीचे मागचे तोंड कायमचे बंद असते आणि जी पुढच्या तोंडाने भरावी लागते अशी बंदूक. आधी मोजून दारू ओतायची, तिच्यावर चिंधी किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे सोडायचे, ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा बसवायचा आणि शेवटी कानाशी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या छिद्राशी असलेल्या बोंडीवर टोपी, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या मसाल्याची तांब्याची छोटी वाटी चढवायची, असा तिचा क्रम असतो. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार उडतो. टोपी येण्यापूर्वी हेच काम जळता तोडा किंवा गारगोटी करीत असे. या साऱ्या खटाटोपामुळे शिकाऱ्याच्या हाती एका वेळी एकच बार असे, आणि तो फुसका गेला तर दुसरा भरायला सवड मिळेलच याची शाश्वती नसे. म्हणूनच त्या एका बारात किती जोर आहे, हा जुन्या शिकाऱ्यांच्या लेखी जिवाचा प्रश्न होता.

गोळीच्या वजनाचा पहिला नियम भूमितीचा आहे. गोल गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम धरली, तर १२ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे १०.३ ग्रॅम भरते, म्हणजे कोल्हापूरच्या गुजरी या सराफ पेठेत आज ज्याला तोळा म्हणतात जवळपास तेवढी; १५ मिलिमीटरची गोळी दोन तोळ्यांची आणि १८ मिलिमीटरची जवळजवळ साडेतीन तोळ्यांची होते. बंदुकीची ‘बोअर’ ही मोजणीही याच वजनावर आधारलेली आहे. एक पौंड शिशाच्या समान वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी, आणि ती गोळी ३७.८ ग्रॅमची व १८.५ मिलिमीटर व्यासाची असते. त्यामुळे बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी, हा नवख्याला उलटा वाटणारा हिशेब मुळात सरळ आहे.

ऊर्जेचा नियम याहून वेगळा आहे. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा, म्हणजे तिच्या वेगामुळे तिच्यात असलेली काम करण्याची क्षमता, ही वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळते. ती ज्यूलमध्ये मोजतात, आणि एक किलो वजन सुमारे १० सेंटिमीटर उंचीवरून पडले की जेवढी ऊर्जा मिळते तेवढा साधारण एक ज्यूल. तोळ्याची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटली तर तिच्यात सुमारे १,२८० ज्यूल असतात. साडेतीन तोळ्यांची गोळी ४०० मीटर वेगाने सुटली, तर वेग कमी असूनही सुमारे २,७७० ज्यूल. सूत्राकडे पाहून कोणालाही वाटेल की वजनामागे लागण्यापेक्षा वेग वाढवावा, कारण वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते आणि वेग दुप्पट केला तर चौपट. काळ्या दारूच्या बंदुकीत मात्र हा मार्ग लवकरच खुंटतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या या मिश्रणात एका ग्रॅममागे साधारण ३,००० ज्यूल ऊर्जा असली, तरी जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही, तर धूर आणि कीट होऊन ते नळीत साचते किंवा बाहेर उडते. शिवाय नळी तापवण्यात आणि ज्वाळेत बरीच ऊर्जा वाया जाते, आणि गोळीच्या वाट्याला तिचा लहानसा हिस्सा उरतो. दारू दुप्पट ठासली म्हणून वेग दुप्पट होत नाही, उलट नळी फाटण्याचा धोका मात्र वाढत जातो. यामुळे ठासणीच्या बंदुकीत जोर वाढवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे वजन, आणि मोठ्या जनावरांच्या शिकारीचा सारा जुना इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

वजनाची किंमत खांद्याला मोजावी लागते. गोळी जितक्या संवेगाने, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराइतक्या जोराने पुढे जाते, तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. साडेतीन किलोची बंदूक साडेतीन तोळ्यांच्या गोळीच्या शंभरपट जड असते, म्हणून ४०० मीटर वेगाच्या गोळीमागे बंदूक सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने खांद्यावर येते, आणि वायूंचा धक्का त्यात आणखी भर घालतो. सिलोनमध्ये हत्तींची शिकार करणाऱ्या सॅम्युअल बेकर यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आपल्या ज्या रायफलीचे वर्णन केले आहे, ती १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्ज या कारागिराने घडवली होती आणि तिचे वजन २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो होते. ८५ ग्रॅमची गोल गोळी आणि तिच्यामागे २८ ग्रॅम दारू असा तिचा बार होता. एवढी जड बंदूक बाळगण्यात कसलाही बडेजाव नव्हता, कारण हलकी बंदूक असा बार सोसू शकत नाही आणि माणसाचा खांदाही सोसू शकत नाही.

नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा जनावरापर्यंत पोहोचतेच असे नाही, ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध केली ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात गोळीचा वेग मोजण्याची युक्ती आहे: टांगलेल्या जड लाकडी लोलकात गोळी झाडायची आणि लोलक किती मागे झुलतो यावरून तिचा संवेग आणि त्यातून वेग काढायचा. तोच लोलक कमी-अधिक अंतरावर ठेवून रॉबिन्सने दाखवले, की वेगवान गोळीला हवेचा होणारा विरोध तोवर समजला जात होता त्याहून कितीतरी मोठा असतो. जर्मन भाषेत या ग्रंथाचे भाषांतर लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने टीपांसह केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तटबंदीच्या कामासाठी मद्रास इलाख्यात आला आणि १७५१ मध्ये इथेच वारला. तोफा-बंदुकांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाचा शेवट भारताच्या भूमीवर झाला, ही गोष्ट इथल्या विज्ञानाच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

हवेचा विरोध गोळीच्या आडव्या छेदावर अवलंबून असतो आणि त्या विरोधाला तोंड देण्याची ताकद तिच्या वजनावर. छेद व्यासाच्या वर्गाने वाढतो आणि वजन घनाने, म्हणून मोठी गोळी वेग टिकवून धरते आणि लहान गोळी तो झपाट्याने गमावते. ढोबळ हिशेबाने, ५०० मीटर वेगाने सुटलेल्या १२ मिलिमीटरच्या गोळीत ५० मीटरांवर मूळ ऊर्जेच्या निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ७०० ज्यूलच्या आत उरते, तर ४०० मीटर वेगाने सुटलेल्या १८ मिलिमीटरच्या गोळीत दोन तृतीयांश, म्हणजे १,८०० ज्यूलच्या आसपास. तीच मोठी गोळी ५० मीटरांत सुमारे ९ सेंटिमीटर खाली येते आणि १०० मीटरांत ४० सेंटिमीटरांहून अधिक, त्यामुळे अंधारात अंतराचा अंदाज चुकला तर नेमही चुकतो. त्यातच शेतकऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यात रायफलीसारखे पीळ नसल्याने गोळीला ठरावीक फिरकी मिळत नाही आणि ती वाटेत कुठे झुकेल हे सांगता येत नाही.

पीळ असलेल्या ठासणीच्या रायफलींतही कोणती गोळी बरी, यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मोठा वाद झाला, आणि त्याचे एक टोक मध्य प्रांताच्या जंगलात होते. निमाडमध्ये बंदोबस्त अधिकारी राहिलेले कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. लांबट, टोकदार गोळी त्याच नळीतल्या गोल गोळीपेक्षा पुष्कळ जड असते आणि दूरवर ऊर्जा टिकवते, हे त्यांना मान्य होते. परंतु ती हळू सुटते, तिची वाट कमानीसारखी वाकते आणि भारतीय जंगलात शिकार क्वचितच दूरवरून होते, म्हणून जवळच्या अंतरावर भरपूर दारू, जड गोल गोळी आणि अगदी सावकाश पीळ असलेली नळी हीच जोडी बरी, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा युक्तिवाद जंगलातल्या दृष्टीच्या टप्प्यापासून सुरू होतो, कारखान्यातल्या चाचणीपासून नव्हे, आणि त्यातच त्याचे मोल आहे.

गव्यासमोर हे सारे आकडे अपुरे वाटू लागतात. पूर्ण वाढलेल्या नर गव्याचे वजन ७०० ते १,००० किलोपर्यंत असते. त्याच्या पाठीवरचा उंचवटा मणक्यांच्या लांब काट्यांनी बनलेला असतो, खांद्यावर स्नायूंचा जाड थर असतो आणि काळीज-फुप्फुसे त्याच्या खूप खाली, जाड हाडांच्या आड असतात. अशा देहात ऊर्जेचा आकडा एकटा काही सांगत नाही. मऊ शिशाची गोळी कातडीखाली चपटी होते, तिचा छेद वाढतो आणि सारी ऊर्जा वरच्या मांसातच खर्ची पडते. तीच गोळी कथील मिसळून कडक केली तर आकार टिकवून खोल जाते, आणि म्हणून मोठ्या जनावरांसाठी शिसे कडक करण्याची रीत पडली. किती ऊर्जा, यापेक्षा ती किती खोलवर पोहोचते हा खरा प्रश्न, आणि तोळ्या-दोन तोळ्यांची मऊ गोल गोळी गव्याच्या खांद्यात तो प्रश्न सोडवू शकत नाही.

छर्ऱ्यांची गत तर याहून वाईट. ४ मिलिमीटरचा छर्रा ग्रॅमच्या चार दशांशांहून थोडा कमी भरतो. सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटताना त्यात २३ ज्यूल असतात आणि ५० मीटरांवर पोहोचेतो त्यांतले थोडेच उरतात. रानडुक्कर यातून मरत नाही, त्याची खांद्यावरची जाड कातडी तेवढी फाटते. जनावर जखम घेऊन रानात शिरते, जखम चिघळते, आणि ते दिवस दिवस तडफडून मरते किंवा चवताळून दुसऱ्याच कोणावर धावून जाते. या यातनेची जबाबदारी चाप ओढणाऱ्या हातावर आहे, तो हात कितीही गांजलेला असला तरी.

कोल्हापूर संस्थानात दाजीपूरचे रान छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले होते. राजर्षी शाहू महाराजांकडे १८९४ मध्ये राज्यकारभार आला, तोवर मागून भरायच्या, काडतुसाच्या रायफली सर्वत्र रूढ झाल्या होत्या. दरबारी शिकारीतून ठासणीची बंदूक अशी बाहेर पडली आणि डोंगरातल्या गावकऱ्याकडे तेवढी उरली. दाजीपूरचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले, १९८५ मध्ये त्याचे राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारीकरण झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षित प्राण्यांत मोडतो. कलम ११ प्रमाणे माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे कारण रानडुकराच्या बाबतीत चालू शकते, गव्याच्या नाही. त्यामुळे गव्यासमोर माळ्यावरच्या ठासणीच्या बंदुकीचा रास्त उपयोग एकच उरतो: गोळी न भरता, नुसत्या दारूचा आणि बोळ्याचा बार आभाळाकडे तोंड करून काढणे आणि आवाजाने कळप परतवणे.

वस्तीत शिरलेल्या गव्याला पकडताना वनखात्याच्या पथकालाही वजन आणि वेगाचाच हिशेब करावा लागतो, फक्त उलट दिशेने. बेशुद्धीचे औषध भरलेली सुई दाबलेल्या वायूच्या बंदुकीतून सोडतात. तिचा वेग जास्त झाला तर ती स्नायू फाडते किंवा हाडावर आदळते, कमी झाला तर कातडीवरून उसळून पडते. म्हणून बंदूक रोखण्यापूर्वी पथकातला कोणीतरी आधी अंतर मोजतो, आणि त्या अंतराला जुळेल एवढाच दाब चाकी फिरवून भरतो.