शॉनी : नाव राखले, माणसे हाकलली

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केले म्हणून. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले तेही अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या संघटनेवरून. अमेरिकेकडे आपण पाहिले ते असे, काळ्या माणसाच्या वाटेने. मुळात ज्यांची ती भूमी, त्यांच्याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. माझेही गेले नव्हते. ‘रेड इंडियन’ मला ठाऊक होता तो सिनेमातला : डोक्याला पिसे खोवून घोड्यावरून ओरडत येणारा आणि गोळी लागून पडणारा. म्हणून त्यांच्यातील एकाच जमातीविषयी, शॉनी लोकांविषयी, येथे लिहितो.

शॉनी म्हणजे दक्षिणेकडचे लोक. त्यांची मुख्य वस्ती ओहायो नदीच्या खोऱ्यात. लाकडी सांगाड्यावर झाडांच्या साली लावून ते घरे बांधीत. मका, घेवडा, भोपळा यांची शेती बायकांच्या हाती, शिकार पुरुषांकडे. जमातीच्या पाच शाखा होत्या. दोन शाखांकडे कारभार, एकीकडे औषधोपचार, एकीकडे धर्मविधी, एकीकडे युद्ध. आणि मूल बापाच्या शाखेचे. हे प्रथम वाचले तेव्हा मी चमकलो. हे तर वर्णच! पण पुढे वाचत गेलो तसा फरक दिसू लागला. श्रमांची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हा बाबासाहेबांचा मुद्दा येथे ताडून पाहण्याजोगा आहे. शॉनींत जन्माने शाखा ठरे, पण पोटापाण्याचा धंदा ठरत नसे, आणि एका शाखेच्या सावलीने दुसरी बाटत नसे. शिवाय त्यांची विश्वनिर्माती स्त्री आहे. तिला ते ‘आमची आजी’ म्हणतात. गावोगावी स्त्री-प्रमुख असत, आणि युद्धाला निघालेल्या नायकाला अडविण्याचा अधिकार त्यांना होता.

अशा लोकांशी गोऱ्यांचा झगडा झाला तो जमिनीवरून. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने ओहायोचा बहुतेक मुलूख गेला. १८०९ साली विल्यम हेन्री हॅरिसन या गव्हर्नराने काही जमातींच्या प्रमुखांच्या सह्या घेऊन जवळजवळ ३० लाख एकर जमीन पदरात पाडून घेतली. तेव्हा शॉनी पुढारी टेकुमसे यांनी पुढच्याच वर्षी त्याला तोंडावर बजावले, की ही जमीन सर्व जमातींची सामाईक आहे, कोणा एकाला ती विकताच येत नाही. गायरानासाठी मोर्चा काढलेल्या कार्यकर्त्याला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. त्याच भूमिकेवर टेकुमसे यांनी अनेक जमातींची एकजूट बांधली. १८११ साली, ते दूर असताना, हॅरिसन फौज घेऊन टिपेकनू नदीकाठी आला आणि लढाईनंतर त्यांचे गाव त्याने जाळले. ५ ऑक्टोबर १८१३ रोजी कॅनडाच्या भूमीवर लढताना टेकुमसे मारले गेले.

यापुढची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. हॅरिसन ‘टिपेकनूचा वीर’ म्हणून मिरवला आणि १८४० ची निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला. टेकुमसे यांचे कौतुकही त्याच समाजाने केले, अर्थात मेल्यावर. १८२० साली ओहायोतल्या एका गोऱ्या घरात जन्मलेल्या मुलाच्या नावात ‘टेकुमसे’ घातले गेले. तो मोठेपणी जनरल शर्मन झाला, आणि पश्चिमेकडच्या जमातींना चिरडणारी फौज त्याच्या हुकमतीत होती. अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत एक पुतळा आहे. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी पास होण्यासाठी त्याच्यावर पैसे फेकतात. सगळे त्याला टेकुमसे म्हणतात. वास्तविक तो डेलावेर जमातीच्या तामानेंड यांचा आहे. कोणता इंडियन, याची चौकशी करण्याची गरज कोणाला वाटणार?

जिवंत शॉनींचे काय झाले? १८३० साली हकालपट्टीचा कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत ओहायोतील शॉनींना मिसिसिपीपलीकडे धाडले. कान्सासमध्ये दिलेली जमीन १८५४ च्या तहाने १६ लाख एकरांवरून २ लाखांवर आली. त्या वाटपाच्या वेळी जे तेथे नव्हते, आधीच दुसरीकडे गेले होते, त्यांना सरकारी कागदात ‘गैरहजर’ लिहिले गेले. ते नाव अजून चालते : अ‍ॅबसेंटी शॉनी. स्वतःच्या भूमीवरून उठवायचे आणि मग हजेरी घ्यायची! उरलेल्यांपैकी कान्सासमधील शॉनींना १८६९ च्या कराराने चेरोकी राष्ट्रात सामील करण्यात आले. स्वतंत्र मान्यता परत मिळवायला त्यांना २००० साल उजाडले. आज सरकारमान्य शॉनी जमाती तीन आहेत, तिन्ही ओक्लाहोमात. ओहायोत एकही नाही, गावांची नावे मात्र आहेत.

त्यांची भाषा अस्खलित बोलणारे अगदी थोडे उरले आहेत. म्हणून २०२१ ते २०३० हे दशक भाषेचे ठरवून प्रौढांचे वर्ग चालविले जातात. भाकरीचे नृत्य वसंतात आणि शरदात अजून होते. वसंतात चेंडूचा खेळही होतो, बाया विरुद्ध बाप्ये. पुरुषांनी चेंडूला हात लावायचा नाही, फक्त पायाने खेळायचे. बायांनी मात्र तो उचलून छातीशी धरून पळायचे.