राखणदाराच्या पोटाची राखण

गाय चारा खाईनाशी झाली की शेतकरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठतो. वस्तीवर रात्रभर जागणारे कुत्रे दोन दिवस उपाशी राहिले, तर मात्र ‘गवत खाईल आणि होईल बरे’ असे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. केस झडलेले, सतत अंग खाजवणारे कुत्रे तर लूत लागली असे समजून घराबाहेरच घातले जाते. लुतीचे काही प्रकार माणसालाही त्रास देतात, हे खरे आहे. तथापि खाजवणारे प्रत्येक कुत्रे लुतीचे नसते. काहींच्या खाजेचे कारण त्यांच्या रोजच्या खाण्यात असते.

अन्न न पचणे आणि अन्नाचे वावडे असणे या दोन भिन्न गोष्टी होत. पिलू मोठे होऊ लागले की दुधातील साखर पचविणारे पाचकद्रव्य त्याच्या शरीरात कमी होत जाते. त्यामुळे पुष्कळ वाढलेल्या कुत्र्यांना वाटीभर दूधही ढाळ लावते. हे अपचन होय. वावड्यामध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनालाच शत्रू मानते. गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू यांचे वावडे कुत्र्यांत अधिक आढळते. ‘हेच तर तो इतकी वर्षे खात आला’ असे मालक सांगतो. परंतु वावडे बहुधा सवयीच्याच अन्नाचे निघते. असे कुत्रे ऋतू कोणताही असो, पंजे चाटत राहते, त्याचे कान वारंवार वाहतात, काखा व पोट लाल होते. काहींना जोडीला उलट्या व जुलाबही होतात.

वावडे ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे पथ्याची परीक्षा. रक्ततपासणीवर या कामी विसंबता येत नाही. प्रथम गोचीड, पिसवा आणि लूत नाहीत ना, याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी. नंतर निदान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन द्यावे. दूध, भाकरी आणि कोंबडी यांवर वाढलेल्या कुत्र्यास, उदाहरणार्थ, भात व उकडलेली मासळी द्यावी. तीही काटे काढून आणि मसाल्याविना. शहरात साखळीला बांधलेल्या कुत्र्यावर ही परीक्षा जितकी सोपी, तितकी गावातल्या मोकळ्या कुत्र्यावर कठीण. शाळेतल्या मुलाने मायेने टाकलेले एक बिस्कीटही सारी मेहनत वाया घालवू शकते, कारण त्यात गहू आणि दूध दोन्ही असतात. खाज थांबल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे लागते. बहुतेक मालक येथेच कच खातात. परंतु जुन्या अन्नाने खाज परतली तरच वावडे सिद्ध होते. असा आहार कायम ठेवायचा असल्यास चुना व इतर क्षारांची भर कशी घालावी, हे पशुवैद्यकास विचारणे आवश्यक आहे.

भाकरी हे कुत्र्याचे अन्नच नव्हे, हा समज मात्र खरा नाही. लांडग्यापेक्षा कुत्र्याच्या अंगी पिष्ट पचविण्याची शक्ती अधिक आहे, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. नुसत्या भाकरीवर त्याची प्रथिनांची गरज भागत नाही, एवढेच.

घरातील काही पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. कांदा व लसूण यांनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात; म्हणजे उरलेली आमटी व रस्सा हे त्याचे अन्न नव्हे. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, ही गोष्ट नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांनी विशेष ध्यानात ठेवावी. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या तर कधीही देऊ नयेत.

लहान पिलास उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर तो अन्नाचा दोष समजून घरी थांबू नये. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू पिलाला दोन-तीन दिवसांतही नेतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस टोचण्यास आरंभ करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती ठराविक अंतराने पुन्हा देणे, हाच त्यावरील बंदोबस्त होय.

कुत्र्याच्या पोटाचा संबंध गावाच्या आरोग्याशीही पोचतो. जत्रेत कापलेल्या मेंढ्यांची काळजे व फुफ्फुसे उघड्यावर टाकली जातात आणि कुत्री ती खातात. त्यांत फोड असतील तर अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे माती-पाण्यात मिसळून माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेची पाळी येते. जत्रेच्या आधी खोल खड्डा खणवून टाकाऊ अवयव त्यात पुरण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीस सहज करता येते, आणि त्याच सुमारास गावातील कुत्र्यांना जंताचे औषध देण्याबद्दल जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलता येते.